वाढत्या गुडघ्यातली वाटी : हाडांच्या जन्मजात विकारांतील शस्त्रक्रियेची प्रस्तावना

गुडघ्याची वाटी हे कंडरेत घडणारे हाड आहे. मांडीच्या पुढच्या भागात क्वाड्रिसेप्स हा चार मुळांचा मोठा स्नायू असतो. त्याची कंडरा वाटीला पोटात घेऊन खाली उतरते आणि नडगीच्या हाडावरील उंचवट्याला चिकटते. स्नायू आखडला की ओढ वाटीमार्फत नडगीपर्यंत जाते आणि वाकलेला गुडघा सरळ होतो. विहिरीच्या कप्पीप्रमाणे वाटी ही ओढ सांध्याच्या अक्षापासून दूर धरून ठेवते, त्यामुळे कमी जोरात जास्त काम होते. गुडघा वाकताना वाटी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावरील खाचेतून सरकते. खाच पुरेशी खोल असणे, आतल्या बाजूचे अस्थिबंध ताणलेले असणे, पायाचा अक्ष सरळ असणे आणि स्नायूची ओढ मधोमध असणे या चार गोष्टींवर तिचा मार्ग टिकून असतो. जन्मलेल्या बाळात वाटी संपूर्ण कूर्चेची असते. तिच्यात हाड धरू लागते ते साधारण तिसऱ्या ते सहाव्या वर्षी, मुलींमध्ये थोडे आधी. त्यापूर्वीच्या एक्स-रेमध्ये वाटी दिसत नाही, आणि ती जागेवर नसली तरी तेही दिसत नाही.

हाडांची वाढच मुळात वेगळी असलेल्या, म्हणजे डिसप्लेशियाच्या, मुलांमध्ये या चारही आधारांपैकी एक किंवा अधिक ढासळलेले असतात. अशा मुलाची वाटी बाहेर सरकते तेव्हा दोष एकट्या वाटीत क्वचितच असतो. निरोगी खेळाडूची वाटी मैदानावर एकदा निसटली, तर एक फाटलेला अस्थिबंध दुरुस्त करून बहुधा भागते. डिसप्लेशियाच्या मुलात तेवढीच दुरुस्ती केली तर ती टिकत नाही, कारण वाकडा अक्ष, उथळ खाच आणि आखूड स्नायू तिला रोज बाहेर ओढत राहतात. शस्त्रक्रियेचा सगळा विचार इथून सुरू होतो. आधी विकार ओळखायचा, मग कोणते आधार ढासळले आहेत ते मोजायचे आणि त्यानंतर मुलाची वाढ न बिघडवता त्यांची क्रमाने दुरुस्ती करायची.

वाटीशी सर्वांत थेट नाते असलेला विकार म्हणजे नेल-पटेला सिंड्रोम. एलएमएक्स१बी या जनुकातील बदलामुळे तो होतो आणि आईवडिलांपैकी एकाला असल्यास प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. त्याचा आढळ सुमारे ५०,००० जणांत एक असा सांगितला जातो. या मुलांची नखे, विशेषतः अंगठ्याची, अर्धवट किंवा खोलगट असतात, वाटी लहान असते किंवा नसतेच, कोपर पूर्ण सरळ होत नाही आणि कमरेच्या हाडांवर मागच्या बाजूला शिंगासारखे उंचवटे दिसतात. अस्थितज्ज्ञाने गुडघा तपासताना नखे पाहिली तर निदान तिथेच होऊ शकते. निदान महत्त्वाचे अशासाठी की याच जनुकाचा परिणाम मूत्रपिंडावर आणि डोळ्यांवर होतो. लघवीतून प्रथिने जाणे आणि पुढे काचबिंदू होणे यांवर दरवर्षी लक्ष ठेवावे लागते. शस्त्रक्रियेनंतरची काही नेहमीची वेदनाशामके मूत्रपिंडाला अपायकारक ठरू शकतात, म्हणून भूल देण्यापूर्वी लघवीची तपासणी चुकवता येत नाही.

एलिस-व्हॅन क्रेव्हेल्ड सिंड्रोममध्ये बुटकेपणा, हाताला सहावे बोट आणि अनेकदा हृदयाच्या पडद्यात छिद्र असते. नडगीच्या वरच्या टोकाची बाहेरची बाजू नीट वाढत नाही, त्यामुळे गुडघे वेगाने आत वळतात आणि त्या वळणासोबत वाटी बाहेर ढकलली जाते. जवळच्या नात्यातल्या लग्नांतून असे अप्रभावी जनुकीय विकार अधिक उमटतात, म्हणून कुटुंबाची माहिती घेताना नात्यातल्या लग्नाचा प्रश्न विचारला जातो. मॉर्किओ हा म्युकोपॉलिसॅकरायडोसिसचा चौथा प्रकार. त्यातही गुडघे आत वळतात, पण सांधे ताठ होण्याऐवजी सैल असतात. मल्टिपल एपिफिसियल डिसप्लेशियाच्या अप्रभावी प्रकारात बाजूने घेतलेल्या एक्स-रेत वाटी दोन थरांची दिसते. ही खूण निदानाला मोलाची असते, मात्र तिच्यासाठी शस्त्रक्रिया क्वचितच लागते. डायस्ट्रॉफिक डिसप्लेशिया, लार्सन सिंड्रोम आणि आर्थ्रोग्रायपोसिस यांत वाटी जन्मापासूनच जागा सोडून असू शकते. लहान कान, लहान चण आणि वाटीचा अभाव हे त्रिकूट दिसले तर मायर-गॉर्लिन सिंड्रोमची शंका घ्यावी लागते. डाउन सिंड्रोम हा मूळचा हाडांचा विकार नाही, पण सैल अस्थिबंधांमुळे त्या मुलांतही वाटी निसटण्याचे प्रमाण बरेच असते. त्यांतली अनेक मुले निसटलेल्या वाटीसह वर्षानुवर्षे फारशी वेदना न होता चालतात. शस्त्रक्रियेचा निर्णय म्हणूनच एक्स-रेवर न घेता मुलाच्या चालण्यावरून घेतला जातो.

वाटी निसटण्याचे तीन प्रकार वेगळे ओळखावे लागतात, कारण प्रत्येकाची शस्त्रक्रिया वेगळी असते. पहिला जन्मजात स्थिर प्रकार. यात वाटी जन्मापासून गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला चिकटलेली असते आणि हाताने जागेवर येत नाही. ती सांध्याच्या अक्षामागे गेलेली असल्याने क्वाड्रिसेप्सची ओढ उलटी लागते. गुडघा सरळ करणारा स्नायूच त्याला वाकवू लागतो आणि नडगी बाहेर फिरवतो. बाळाचा गुडघा पूर्ण सरळ होत नाही आणि चालणे लांबते. दुसरा सवयीचा प्रकार. गुडघा सरळ असताना वाटी जागेवर असते, पण प्रत्येक वेळी वाकवताच बाहेर जाते. तिला हाताने जागेवर दाबून धरले तर गुडघा वाकतच नाही, कारण स्नायू आखूड आहे. भारतात अशा आखूडपणाचे एक जुने कारण म्हणजे तान्हेपणी मांडीत वारंवार दिलेली इंजेक्शने. त्यांमुळे स्नायूत तंतू धरतात. जन्मजात विकार आणि इंजेक्शनांचा इतिहास या दोन्हींची चौकशी त्यामुळे एकाच बैठकीत होते. तिसरा पुनःपुन्हा होणारा प्रकार. यात वाटी अधूनमधून, धावताना किंवा वळताना निसटते.

तपासणीची सुरुवात मुलाला चालवून आणि जमिनीवर बसवून होते. मांडी घालून बसता येते का, उकिडवे बसता येते का, जिना चढताना कोणता पाय पुढे टाकला जातो, या साध्या हालचालींत बरीच माहिती मिळते. नंतर खुब्यापासून घोट्यापर्यंतचा उभ्याने काढलेला पूर्ण पायाचा एक्स-रे अक्षाचे मोजमाप देतो. तीन-चार वर्षांखालील मुलात कूर्चेची वाटी सोनोग्राफीत दिसते आणि खाचेची खोली एमआरआयमध्ये. मांडीचे आणि नडगीचे हाड स्वतःभोवती किती पिळलेले आहे हे पाहायला सीटी स्कॅन लागतो. त्यासोबत हात, पाठीचा कणा आणि कंबर यांचे एक्स-रे काढले की कोणता डिसप्लेशिया आहे हे बहुतेकदा कळते. जनुकीय चाचणी त्यावर शिक्कामोर्तब करते.

हा उपचार प्रत्यक्षात कसा मिळतो हे मुंबईच्या उदाहरणातून दिसते. १ ऑक्टोबर १९९० रोजी वेगळ्या झालेल्या मुंबई उपनगर जिल्ह्यात अशा मुलाचा पहिला केस पेपर बहुधा जवळच्या पालिका रुग्णालयात निघतो. घाटकोपरला राजावाडी, मुलुंडला एम. टी. अग्रवाल, बोरिवलीला भगवती आणि अंधेरी-विलेपार्ले भागाला कूपर. कूपरला २०१५ पासून वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. खासगी क्षेत्रात अंधेरीचे कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालय २००९ पासून आहे. गुंतागुंतीच्या रुग्णांचा ओघ मात्र अजून परळकडे वाहतो. १९२६ मध्ये सुरू झालेले केईएम आणि १९२९ मध्ये उघडलेले बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय तिथे शेजारीशेजारी आहेत. एका बाजूला मुलांची अस्थिशस्त्रक्रिया, दुसऱ्या बाजूला जनुकशास्त्र, हृदयरोग आणि मूत्रपिंडतज्ज्ञ, अशी सोय काही पावलांत मिळते, आणि या विकारांत ती लागते. मुलुंड-घाटकोपरहून परळ आणि बोरिवली-अंधेरीहून प्रभादेवी असा लोकलचा प्रवास करून आईवडील येतात. तो एकदाचा नसतो. दर तीन-चार महिन्यांनी, कित्येक वर्षे करावा लागतो. उपचाराचा आराखडा आखताना ही गोष्ट वैद्यकीय बाबींइतकीच धरावी लागते.

शहराला अशा दीर्घ उपचारांची ओळख पोलिओच्या काळात झाली. फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभारली. तिचेच काम पुढे हाजी अलीच्या मुलांच्या अस्थिरुग्णालयात रुजले. तिथून जवळच अखिल भारतीय शारीरिक वैद्यक व पुनर्वसन संस्था आहे. आखडलेले गुडघे सरळ करणे, स्नायूंच्या कंडरा एका जागेहून दुसरीकडे वळवणे, कॅलिपर बसवणे आणि मुलाला महिनोन्महिने व्यायाम देणे ही पोलिओची विद्या होती. पोलिओ गेला, पण कंडरा वळवण्याचे तेच तत्त्व वाटीच्या शस्त्रक्रियेत कामी येते.

शस्त्रक्रियेआधीची सर्वांत मोठी जोखीम गुडघ्यात नसून मानेत असते. मॉर्किओमध्ये मानेच्या दुसऱ्या मणक्याचा सुळका अपुरा वाढलेला असतो. डाउन सिंड्रोममध्ये पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो. भूल देताना मान मागे वळवली तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. म्हणून मानेचे पुढे-मागे वाकवून घेतलेले एक्स-रे आणि गरजेप्रमाणे एमआरआय आधी पाहिले जातात. मॉर्किओच्या मुलात श्वासनलिकेत नळी घालणेही अवघड असते. मान अस्थिर असेल तर आधी मानेची शस्त्रक्रिया होते आणि गुडघा थांबतो. एलिस-व्हॅन क्रेव्हेल्डमध्ये हृदयाची इकोकार्डिओग्राफी आणि नेल-पटेलात मूत्रपिंडाची तपासणी याच टप्प्यावर होते.

वाटी जागेवर बसवण्याच्या पद्धतींचा इतिहास शतकभराहून जुना आहे. स्वित्झर्लंडच्या रू यांनी १८८८ मध्ये आणि अमेरिकेच्या गोल्डथ्वेट यांनी त्यानंतर वाटीखालच्या कंडरेची ओढ आतल्या बाजूला वळवण्याची युक्ती वर्णिली. कंडरा उभी चिरून बाहेरचा अर्धा भाग आतल्या अर्ध्याखालून नेऊन शिवायचा, ही त्या नावांनी आजही चालणारी रीत. इटलीच्या गॅलेआत्सी यांनी १९२२ मध्ये मांडीमागच्या सेमिटेंडिनोसस स्नायूची कंडरा वाटीत ओवून तिला आत धरण्याची पद्धत मांडली. जन्मजात स्थिर प्रकारासाठी स्तानिसावल्येविच यांनी १९७६ मध्ये संपूर्ण क्वाड्रिसेप्स हाडापासून सोडवून आत फिरवण्याचे मोठे काम वर्णिले. लांगेनशोल्ड यांची १९९२ ची पद्धत वाटीला तिच्या भोवतालच्या आवरणातून सोडवून नव्या जागी बसवते. ही सारी कामे मऊ ऊतींची आहेत आणि त्याला ठोस कारण आहे.

मोठ्या माणसात वाटीची ओढ बदलायची तर नडगीवरचा उंचवटा हाडासह कापून आत सरकवता येतो. मुलात त्या उंचवट्याखालीच वाढीची पट्टी असते. ती दुखावली तर नडगीची पुढची बाजू वाढायची थांबते, मागची वाढत राहते आणि काही वर्षांत गुडघा उलट्या दिशेने वाकतो. मांडीच्या हाडाच्या खालच्या पट्टीतून दरवर्षी सुमारे ९ ते १० मिलिमीटर आणि नडगीच्या वरच्या पट्टीतून सुमारे ६ मिलिमीटर वाढ होते. आधीच बुटक्या मुलात ही वाढ गमावणे परवडत नाही. वाटीला आतून धरणारा मुख्य अस्थिबंध, म्हणजे एमपीएफएल, पुन्हा तयार करताना तर ही काळजी मिलिमीटरमध्ये मोजली जाते. त्याचा मांडीच्या हाडावरचा बिंदू वाढीच्या पट्टीला लागूनच, तिच्या किंचित खाली येतो. सी-आर्मवर, म्हणजे शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळच्या एक्स-रे यंत्रावर, पाहूनच तिथे छिद्र पाडायचे किंवा छिद्र टाळून कंडरा जवळच्या अस्थिबंधाभोवती वळवायची. वाटीही लहान आणि कूर्चेची असल्याने तिच्यात रुंद बोगदे पाडले जात नाहीत, कंडरा तिच्या आवरणाला शिवली जाते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया बाहेरून सुरू होते. बाहेरची घट्ट आवरणे, मांडीच्या बाहेरच्या कडेने उतरणारा पट्टा आणि क्वाड्रिसेप्सची बाहेरची चिकटलेली धार हे एकेक करून मोकळे केले जाते. प्रत्येक पायरीनंतर वाटी जागेवर येते का हे पाहिले जाते. ती आली, पण गुडघा वाकवताच पुन्हा निसटली, तर स्नायू आखूड आहे हे कळते आणि त्याची कंडरा लांबवली जाते. मग आतली सैल बाजू आवळायची, आतल्या स्नायूला वाटीवर पुढे ओढून शिवायचे, आणि गरज पडल्यास खालच्या कंडरेची ओढ रू-गोल्डथ्वेट रीतीने वळवायची. डाउन आणि लार्सनसारख्या सैल सांध्यांच्या मुलांत स्वतःच्या ऊतीही ताणल्या जातात, म्हणून तिथे कंडरेचा जादा आधार दिला जातो. शेवटची चाचणी टेबलावरच होते. रक्तप्रवाह थांबवण्यासाठी मांडीवर बांधलेला पट्टा, म्हणजे टूर्निकेट, स्नायूला अडकवून ठेवतो आणि खोटे समाधान देतो. तो सोडून, गुडघा पूर्ण वाकवून, वाटी खाचेतच राहते हे पाहिल्याशिवाय टाके घातले जात नाहीत. डिसप्लेशियाच्या मुलाची मांडी आखूड असते, तेव्हा टूर्निकेट चिरेच्या अगदी जवळ येतो. अशा वेळी निर्जंतुक टूर्निकेट वापरतात किंवा त्याविनाच काम करतात.

गुडघा आत वळलेला असेल तर नुसत्या मऊ ऊतींचे काम अपुरे पडते. वाढीचे वय शिल्लक असलेल्या मुलात अक्ष सरळ करण्याची सोय वाढीतच असते. आतल्या बाजूच्या वाढीच्या पट्टीवर दोन स्क्रूंची छोटी प्लेट बसवली की ती बाजू मंदावते, बाहेरची वाढत राहते आणि पाय हळूहळू सरळ होतो. ब्लाउंट यांच्या १९४९ च्या स्टेपलनंतर हेच तत्त्व स्टीव्हन्स यांनी २००७ मध्ये वर्णिलेल्या प्लेटने सुलभ केले. हाड न कापता हे होते आणि मूल काही दिवसांत चालू लागते. पण डिसप्लेशियाच्या मुलात वाढ मंद असते. निरोगी मुलात वर्षभरात दिसणारा फरक इथे दुप्पट वेळ घेऊ शकतो, आणि प्लेट काढल्यावर वळण परत येण्याची शक्यताही अधिक असते. प्लेट काढायची वेळ चुकली तर पाय उलट्या दिशेने वाकतो. लोकलचा खर्च आणि बुडणारा रोजगार यांमुळे भेटी चुकणाऱ्या कुटुंबासाठी ही पद्धत घातक ठरू शकते. वाढ संपत आलेली असेल किंवा वळण फार असेल तर हाड कापून अक्ष सरळ करणे हाच उपाय उरतो. अक्ष आणि वाटी यांची कामे एकाच वेळी करायची की अक्ष आधी, हे वळणाच्या अंशांवर ठरते, पण अक्ष तसाच ठेवून वाटीचे काम केले जात नाही.

योग्य वय प्रकारागणिक बदलते. जन्मजात स्थिर प्रकारात निदान झाल्याबरोबर, शक्यतो मूल चालायला लागण्याच्या सुमारास, शस्त्रक्रिया केली जाते. वाटी खाचेत सरकत राहिली तर त्या दाबाने खाच काही प्रमाणात खोल होत जाते. पुढे वाढीचे वय उरत नाही आणि हा फायदाही मिळत नाही. सवयीच्या प्रकारात शाळेच्या पहिल्या काही वर्षांत, आणि पुनःपुन्हा होणाऱ्या प्रकारात आधी व्यायाम देऊन पाहिल्यानंतर, असा साधारण क्रम असतो.

शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये किंवा पट्ट्यात असतो. घाटकोपरच्या असल्फ्यात डोंगरउतारावर पायऱ्या चढून जाव्या लागणाऱ्या किंवा लिफ्ट नसलेल्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी हे आठवडे मुलाला उचलूनच काढावे लागतात, म्हणून दोन्ही पायांची शस्त्रक्रिया एकदम करायची की महिन्यांच्या अंतराने, हे घर पाहूनही ठरते. प्लास्टर निघाल्यावर खरे काम सुरू होते. लांबवलेला स्नायू अशक्त असतो. मूल पाय स्वतःहून पूर्ण सरळ करू शकत नाही आणि ही उणीव भरायला कित्येक महिने जातात. भारतीय घरात गुडघ्याकडून मागणीही मोठी असते. जेवायला मांडी घालून बसणे, भारतीय शौचालयात उकिडवे बसणे यांना शंभर अंशांपलीकडचे वाकणे लागते. ९० अंशांवर थांबलेला गुडघा खुर्चीवरच्या जीवनाला पुरतो, या घरांना पुरत नाही. फिजिओथेरपिस्ट वाकण्याचा कोन वाढवताना दुरुस्ती ताणली जाणार नाही हेही पाहतो. या व्यायामांसाठी घराजवळचे केंद्र मिळाले तर नेम टिकतो, परळचे मिळाले तर बहुधा मोडतो.

गुंतागुंतींत पहिली म्हणजे वाटी पुन्हा निसटणे. सैल सांध्यांच्या मुलांत आणि अक्ष न सुधारता केलेल्या कामात ती अधिक होते. दुसरी ताठरपणा. तिसरी, खूप वळलेला आणि वाकलेला गुडघा एकदम सरळ केल्यास बाहेरच्या बाजूची पेरोनियल नस ताणली जाते आणि पाऊल वर उचलत नाही. चौथी, वाढीच्या पट्टीची इजा, जी वर्षभरानंतर एक्स-रेत उमटते. आखूड त्वचेवर ताण आल्यास जखम उशिरा भरते.

खर्चाचा भार उचलण्यासाठी काही सार्वजनिक वाटा आहेत. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडी आणि शाळेतल्या तपासणीत चालण्यातला दोष दिसला तर मूल पुढे पाठवता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ सर्व कुटुंबांना, पाच लाखांपर्यंत देण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात केईएम हे उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. त्या धोरणाची रुग्णामागील मदत २०२२ मध्ये ५० लाखांपर्यंत वाढवण्यात आली. मॉर्किओसाठी मिळणारे विकराचे औषध हाडांचा आकार मात्र फारसा बदलत नाही, त्यामुळे गुडघ्याची शस्त्रक्रिया टळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत बुटकेपणाचा समावेश आहे. प्रमाणपत्रामुळे शाळेतल्या सवलती आणि लोकलच्या दिव्यांग डब्याचा हक्क मिळतो.

उपचार संपतो तो हाडांची वाढ पूर्ण झाल्यावर, मुलींमध्ये साधारण १४ व्या आणि मुलग्यांमध्ये १६ व्या वर्षी. डिसप्लेशियात हे वय पुढे-मागे होते, म्हणून ते हाताच्या एक्स-रेवरून ठरवावे लागते. तोवर दरवर्षी पायाचा अक्ष, वाटीची जागा आणि दोन्ही पायांची लांबी मोजली जाते. वाढीच्या पट्ट्या बंद झाल्यावर, आणि त्याआधी नव्हे, नडगीचा उंचवटा हलवणे, उथळ खाच खोल करणे किंवा उरलेले वळण हाड कापून काढणे हे पर्याय खुले होतात. बालपणी मऊ ऊतींवर आणि अक्षावर नीट काम झालेल्या मुलांपैकी अनेकांना त्यांची गरज पडत नाही. ज्यांना पडते, त्यांच्यासाठी लहानपणचे एक्स-रे, शस्त्रक्रियेच्या नोंदी आणि जनुकीय अहवाल असलेली फाइल बालरुग्णालयातून प्रौढांच्या अस्थिविभागाकडे सोपवली जाते.